कवंद्यांच्या ऑर्डरीबद्दल, दिन्यास

खानापूर,
कार्तिक वद्य अष्टमी

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. काकूंच्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. इकडे सुगी जोरात आहे, निम्मं भात घरात आलं, निम्मं अजून शिवारात. बाकी सगळे बरे. आता थेट तुझ्या मुद्द्यावर येतो, कारण 'ताबडतोब कळव' याच्याखाली तू दोनदा रेघ मारली आहेस.

पुण्यातल्या प्रदर्शनासाठी तुला आमच्याकडच्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांच्या तीस कवंद्या, म्हणजे गोधड्या, पाहिजेत. सगळ्या एका मापाच्या, निळ्या-पांढऱ्या, संक्रांतीच्या आत. लेका, हे पत्र तू चादरीच्या कारखान्याला लिहायचं होतंस!

चिडू नकोस. कवंदी कशी होते ते आधी वाच, मग तुझं तूच ठरव. खाली एक धड सुती लुगडं जमिनीवर अंथरतात. शेजारी घरातल्या जुन्या कपड्यांचा ढीग: विटलेला झंपर, पोराचा शाळेचा शर्ट, नवऱ्याच्या लुंगीचा धडका भाग. खडू नाही, पट्टी नाही, आराखडा नाही. एका कोपऱ्यातून सुई घालायची आणि कडेकडेनं धावदोरा टाकत आत आत सरकायचं. पुढचा तुकडा कुठला, हे त्या त्या वेळी ढिगात हात घालून ठरतं. असं फिरत फिरत मध्यावर पोचलं की कवंदी झाली. आतून कापूस भरत नाहीत. थरावर थर आणि दाट टाके, एवढ्यावरच ऊब. टाके लपवायचेही नसतात, उलट त्या ओळींवरूनच हात कुणाचा ते शेजारणी ओळखतात. शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेले तिकोनी तुकडे लावतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलं नसली तर कवंदी उघडीबोडकी दिसते, असं तिथल्या बायका म्हणतात. बाळासाठी असेल तर तुकडे अगदी बारके आणि रंग भडक. सिद्दींत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत, त्यामुळे एखादीवर क्रूस दिसतो, एखादीवर चंद्रकोर.

आता सांग, यात तुझं निळं-पांढरं कुठं बसवायचं?

तरी नाही म्हणत नाही मी. पैसा तिथं लागतोच. पाऊस लागला की घाटाकडच्या वाड्यांवर मजुरीचे वांधे होतात, आणि हातात सुई असलेल्या बाईला घरबसल्या चार पैसे मिळाले तर कुणाला नकोत? 'कला शुद्ध राहिली पाहिजे' असं म्हणणारे बहुतेक लोक फोमच्या गादीवर झोपतात. फक्त रंग आणि माप तू ठरवू नकोस. लहान, मध्यम, मोठी एवढंच सांग, उरलेलं त्यांच्यावर सोड. आणि तीस विसर. भातकापणीच्या दिवसांत कोण शिवत बसणार? मोकळ्या दुपारी धरून मोठ्या कवंदीला काही आठवडे सहज जातात. उन्हाळ्यापर्यंत थांबलास तर माल बघण्यासारखा मिळेल.

दुसरं, तुझ्या त्या फलकाबद्दल. 'आफ्रिकेची कला बेळगावच्या जंगलात' असलं काही छापू नकोस. पोर्तुगीजांनी यांच्या पूर्वजांना गुलाम करून गोव्यात आणलं, त्यातले बरेच घाट चढून इकडच्या रानात पळून आले, हे खरंच आहे, आणि ते लिहावंच. पण त्याला शतकं लोटली. खानापूर, हल्याळ, यल्लापूर, अंकोला या पट्ट्यात ही माणसं आपल्याइतकीच इथली आहेत. घरात कोकणी वळणाचं बोलतात, बाजारात कन्नड, आपल्याशी मराठी. नंदगडला कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी १८३१ साली फाशी दिली, त्याच्या बंडात सिद्दीही होते असं इकडे अभिमानानं सांगतात. (त्याच्या समाधीवरच्या वडाला मूल व्हावं म्हणून पाळणे बांधतात, आठवतं? तुझ्या मावशीनंही बांधला होता.) तरी बसमध्ये कुणीतरी यांना 'कुठल्या देशाचे?' असं विचारतंच, आणि उत्तर तुझ्यामाझ्यापेक्षा चांगल्या मराठीत येतं.

सरकारलाही ओळखायला वेळ लागला म्हण. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीत घेतलं २००३ साली. जिल्ह्याची रेघ ओलांडून आपल्या बेळगाव जिल्ह्यात आणि धारवाडात राहणाऱ्या त्यांच्याच भावकीला त्यासाठी २०२० उजाडावं लागलं. मधली सतरा वर्षं मामाचा मुलगा आदिवासी आणि आत्याचा नाही! फलकावर हे लिहिलंस तर मी स्वतः पुण्याला येऊन वाचीन.

उद्घाटनाला सिद्दींचा दमामी नाच ठेवायची तुझी कल्पनाही वाचली. दमाम हा त्यांचा ढोल, आणि एकदा ताल धरला की अर्ध्या तासात आटपत नाही. आणणारच असशील तर रेल्वेचं भाडं, राहण्याची नीट सोय आणि मानधन आधी ठरव. चहाबिस्किटांवर आणि 'तुम्हाला व्यासपीठ मिळतंय' या वाक्यावर बोळवण करणार असशील तर मला मध्ये घेऊ नकोस. गेल्या वर्षी शहरातल्या एका संस्थेनं बोलावून रात्री शाळेच्या वऱ्हांड्यात झोपवलं होतं. त्या बायका अजून ते हसत हसत सांगतात. ऐकणाऱ्याला मात्र मान खाली घालावी लागते.

आता तुझ्याकडून एक काम पाहिजे. वाड्यांवरही हल्ली सगळ्या नायलॉनच्या साड्या नेसतात. त्यात ऊब नाही, आणि टाका सरकतो. जुनं सुती कापड मिळेना झालंय. तुझ्या सोसायटीत, नातेवाइकांत आजीच्या सुती साड्या, धोतरं, पंचे ट्रंकांत पडले असतील ते गोळा कर. धुऊन, इस्त्रीबिस्त्री न करता, गठ्ठा बांधून पाठव. फाटकं चालेल, कुजकं नको. काकूंची नऊवारी लुगडी असतील तर फारच बरं, पण त्यांना विचारून, गुपचूप उचलू नकोस. त्याच्याबरोबर निम्मी रक्कम आगाऊ पाठव. मी वाडीवर जाऊन ज्या शिवणार त्यांच्या हातात देतो आणि नावं, आकडे तुला लिहून कळवतो. उरलेली रक्कम माल उचलताना, 'प्रदर्शनात खपल्यावर' नाही.

वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद. गठ्ठा लोंढ्याला उतरव, खानापूरला सगळ्या गाड्या थांबत नाहीत.

तुझा,
बापू