कळलावीचं औषध छापता, तसं तिचं विषही छापा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला सह्याद्रीतल्या पावसाळी वनौषधींवरचा लेख आवडीने वाचला. फोटोही सुरेख. पण कळलावीपाशी आले आणि थबकले. कंद उगाळून लावला की बाळंतपण सोपं होतं, एवढं सांगून लेख पुढे गेला. ही वेल विषारी आहे, हे अख्ख्या मजकुरात कुठेही नाही. संगमेश्वर तालुक्यात मी 31 वर्षं आरोग्यसेविका होते, म्हणून गप्प बसवेना.

कळलावी आम्हा कोकणातल्या बायकांना परकी नाही. श्रावणात कुंपणावर तिची लाल-पिवळी फुलं ज्वाळेसारखी उठतात, पानाचं टोक दोऱ्यासारखं वळून शेजारची फांदी धरतं. भाद्रपदात हीच फुलं ‘गौरीचे हात’ म्हणून आम्ही गौरीला लावतो. माझ्या सासूबाई सुईण होत्या. अडलेल्या बाईच्या तळपायाला त्या कंदाचा लेप लावत, पण मूल बाहेर आलं की आधी लेप पुसून काढत. त्या कंदाची सहाणही वेगळी होती. ती पडवीत वर ठेवलेली असे आणि आम्हा सुनांना तिला हात लावायची मनाई होती. लेखात लेप आला, ती वेगळी सहाण राहून गेली.

लेपाने बाई सुटली असं मी नोकरीत एकदाही पाहिलं नाही. लेपाच्या भरवशावर दवाखान्यात न्यायला उशीर झालेला मात्र पाहिला आहे.

खरा धोका पावसाळ्यानंतरचा. वेल वाळून जाते, फूल-पान काही उरत नाही, जमिनीत नुसता कंद राहतो. तो नांगरासारखा दुबेळक्याचा असतो, म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात. त्याच दिवसांत लोक कणगी, म्हणजे भाजून-उकडून खायचा कंद, खणतात. आमच्या हद्दीतल्या एका गुराख्या पोराने कणगी समजून हा कंद शेकोटीत भाजून खाल्ला. संध्याकाळपर्यंत ठीक होता. रात्री ओकाऱ्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले. घरच्यांना वाटलं, काहीतरी बाधलं असेल, सकाळी बघू. तालुक्याला नेईपर्यंत अंगातलं पाणी आटलं होतं. पोर वाचलं. पण दहा-बारा दिवसांनी त्याची आई उपकेंद्रात आली आणि तिने पदराची गाठ सोडून माझ्या टेबलावर केसांचे झुपके ठेवले. “बाई, हात फिरवला तरी येतायत,” म्हणाली. ती गाठ मी अजून विसरलेले नाही.

हे काम कळलावीतल्या कोल्चिसिन नावाच्या विषारी द्रव्याचं. हेच द्रव्य डॉक्टर गाऊटच्या, म्हणजे सांधे सुजून दुखण्याच्या आजाराच्या, रुग्णाला देतात, पण अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीत मोजून. बांधावरच्या कंदात ते किती आहे, हे कोण मोजणार? आयुर्वेदातही लांगली उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत, धरली आहे आणि शोधन, म्हणजे शुद्धीकरण, केल्याशिवाय ती वापरत नाहीत. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत तिचं नाव आहे. ती घातलेल्या पोटात घ्यायच्या औषधाच्या बाटलीवर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे असा इशारा छापावा लागतो. बाटलीला हा नियम आहे, मग बाटलीहून कितीतरी जास्त घरांत जाणाऱ्या लेखात तो इशारा का नसावा? लेखाचं कात्रण आमच्या बचत गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दुसऱ्याच दिवशी फिरत होतं. त्या गटात दोन गरोदर मुली आहेत.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या रविवारी त्याच जागी कळलावीच्या कंदाचा फोटो छापा, फुलाचा नको, आणि खाली ठळक लिहा: हा कंद आणि बिया पोटात गेल्यास जीव जाऊ शकतो. त्रास काही तास उशिरा सुरू होतो, म्हणून माणूस बरा दिसतोय म्हणून थांबू नका. लगेच दवाखाना गाठा आणि उरलेला कंद पिशवीत घालून सोबत न्या. त्या रात्री पोराच्या बापाने कंदाचं साल आणलं होतं, त्यावरूनच डॉक्टरांना कळलं.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी