वसईचं जहाज मोम्बासाच्या गाळात

नैरोबी, 19 जानेवारी

ती. बाबा आणि आईस,
सा. नमस्कार.

परवा फोनवर सगळं सांगायला घेतलं होतं, पण दोनदा फोन कटला आणि तिसऱ्यांदा आईने भाजी करपतेय म्हणून ठेवून दिला. तेव्हा लिहितेच आता. बाबांना तसंही कागदावरचं आवडतं.

इथल्या मराठी घरांनी मिळून चार दिवसांची समुद्रकाठची सहल ठरवली होती. मोम्बासा, गेडी, मालिंदी. 22 माणसं, एक गाईड आणि चिवड्याचे किती डबे ते मोजले नाहीत. मोम्बासापर्यंत आगगाडीने गेलो. वाटेत त्सावोचं रान लागतं. तिथले हत्ती लाल मातीत लोळून विटकरी झालेले असतात. सानूने खिडकीला नाक चिकटवलं ते मोम्बासा येईपर्यंत सोडवेना.

पहिल्याच दिवशी फोर्ट जीझस पाहिला. पोर्तुगीजांनी 1593 ते 1596 या काळात बांधला, प्रवाळाच्या दगडात. आराखडा मिलानच्या एका इटालियन स्थापत्यकाराचा. वरून पाहिलं तर किल्ला उताण्या पडलेल्या माणसासारखा दिसतो असं गाईडने सांगितलं. आम्ही जमिनीवरून पाहत होतो, त्यामुळे मला तो फक्त वसईसारखा दिसला. तोच उतरता तट, तसलेच कोन काढलेले बुरूज, बुरुजांना तशीच संतांची नावं. फक्त आपल्याकडे भिंतींतून पिंपळ उगवलेत आणि इथे तिकीट लावून सगळं झाडूनपुसून ठेवलंय.

गाईड म्हातारे होते, डोक्यावर भरतकामाची पांढरी टोपी. आम्ही भारतातले म्हटल्यावर खुलले. स्वाहिलीत लाखाला ‘लाकी’, गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’ म्हणतात हे त्यांनी बोटं मोडत मोजून दाखवलं. मग आत एका काचेच्या कपाटापुढे उभं करून म्हणाले, हे तुमचंच सामान.

बाबा, खरंच आपलंच. सान्तो अंतोनियो दे तन्ना नावाचं पोर्तुगीज लढाऊ जहाज होतं. ते बांधलं वसईत, 1681च्या सुमाराला. आणि तन्ना म्हणजे आपलं ठाणे! ठाण्याच्या संत अंतोनीचं जहाज. मी गाईडना दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांनी वसईचा ‘बसाईन’ असा उच्चार केला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. प्रसाद म्हणाला, तू आता रडू नकोस, लोक बघतायत.

झालं असं, की ओमानच्या अरबांनी मार्च 1696 मध्ये या किल्ल्याला वेढा घातला. वेढा तेहतीस महिने चालला. आत रोगराईने माणसं पटापट मेली. गोव्याहून कुमक आली, त्यात हे जहाज होतं, आणि 1697 मध्ये ते किल्ल्याच्या पायाशीच बुडालं. पुढे डिसेंबर 1698 मध्ये किल्ला पडला तेव्हा आत मूठभरच लोक उरले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत पोर्तुगीजांची आणखी जहाजं मदतीला पोचली, तर तटावर अरबांचं निशाण. आल्या पावली परत फिरली.

तुमच्या तोंडून चिमाजी अप्पांचा वेढा मी इतक्यांदा ऐकलाय, की वेढा म्हटला की मी आपोआप बाहेरच्यांच्या बाजूची होते. या वेळी पहिल्यांदा आतल्यांचा विचार आला. एका बुरुजाच्या भिंतीवर पोर्तुगीज शिपायांनी कोळशाने आणि गेरूने जहाजं काढलेली सापडली, ती भिंत तिथे जपून ठेवलीय. शिडं, डोलकाठ्या, मासे. सानू आपल्या वहीत काढतो तशीच. घरी जायचं सोडून दुसरं काय काढणार ती माणसं! आणि हीच माणसं इथल्या लोकांवर काय काय करून बसली होती, तेही गाईडने सांगायचं ठेवलं नाही. मोम्बासाचा एक राजपुत्र लहानपणी गोव्याला नेऊन पाद्र्यांकडे वाढवला, बाटवला, दों जेरोनिमो नाव ठेवून परत गादीवर बसवला. 1631 मध्ये त्यानेच किल्ल्यात शिरून कप्तानाला ठार केलं. जुन्या गोव्यात आपण तो अर्धा ढासळलेला मनोरा पाहिला होता ना, मी दहावीत असताना? त्याच ऑगस्टिनियन पाद्र्यांकडे तो वाढला.

जहाजाचं उत्खनन 1977 ते 1980 दरम्यान झालं. वरचं सामान काढून संग्रहालयात आणलं, पण सांगाडा मोजून, नकाशे करून पुन्हा गाळातच पुरून ठेवला. हवा लागली तर लाकूड टिकत नाही म्हणे. म्हणजे वसईत घडवलेलं लाकूड अजून तिथेच पाण्याखाली आहे. तटावरून खाली बघितलं तर काही दिसत नाही. हिरवं पाणी आणि एक कोळी जाळं झटकत होता. अगदी आपलं वसईचं पाचूबंदर.

आता तक्रार. सहल ज्यांनी आखून दिली त्यांनी किल्ल्याला एक तास दिला आणि लाकडी जिराफांच्या दुकानाला दोन. मी, सानू आणि एक काकू दुकानातून सटकून पुन्हा किल्ल्यावर गेलो. बस आमच्यासाठी खोळंबली आणि मला बोलणी बसली. बसू देत.

गेडी जंगलात आहे. सगळं गावच ओसाड, प्रवाळी दगडाची घरं, मशीद, विहिरी, आणि त्यावर वडाच्या जातीची अवाढव्य झाडं. चिनी मातीची भांडी तिथे सापडली. घरांना नावंही खोदताना काय मिळालं त्यावरून दिलीत, कात्रीचं घर, कवड्यांचं घर. आपल्या घराला पुढे कोणी नाव दिलं तर ते स्टीलच्या डब्यांचं घर असणार, आई. 2024 पासून ते जागतिक वारशात आहे. माकडांनी आमचा एक चिवड्याचा डबा नेला, तोही वारसाच समजायचा.

मालिंदीला वास्को द गामाचा क्रूस आहे. 1498 मध्ये इथूनच वाटाड्या घेऊन तो कालिकतला पोचला. ऊन फार होतं, फोटो काढले आणि परतलो.

खाण्याचं मात्र सांगायलाच हवं. मोम्बासात रस्त्यावर उकडलेला बटाटा पिठात बुडवून तळून देतात, त्याला ‘विआझी काराई’ म्हणतात. काराई म्हणजे आपली कढई! बटाटेवड्याचा दूरचा भाऊ, पण मोहरी-लसणाशिवाय. बरोबर कच्च्या कैरीची आंबट चटणी असते, ती तोंडाला पाणी सुटलं इतकी चांगली.

आई, तुझ्यासाठी एक लेसो घेतलाय. इथल्या बायका दोन गुंडाळतात, एक कमरेला, एक खांद्यावर. प्रत्येकावर एक वाक्य छापलेलं असतं. तुझ्यावरचं आहे ‘नानी कामा मामा’. वाचून तुला वाटेल सगळे नातेवाईक एकदम आले. नानी म्हणजे ‘कोण’, कामा म्हणजे ‘सारखं’ आणि मामा म्हणजे ‘आई’. ओट्यापाशी टॉवेल म्हणून वापरू नकोस, एवढंच सांगणं.

बाबा, फिरायला किल्ल्यात जाल तेव्हा बंदराकडच्या दरवाजाचा एक फोटो काढून पाठवा. खिळ्यांची ती मोठी दारं नीट दिसू देत. सानूला शाळेत सहलीवर बोलायचंय आणि त्याला मोम्बासाच्या शेजारी वसई लावायचीय. फेब्रुवारीत शेजारचे मुंबईला येणार आहेत, लेसो त्यांच्याबरोबर देते. परतताना त्यांच्याकडे सुकेळी द्या, दोन पुडकी. मागच्या वेळची प्रसादने एकट्याने संपवली.

तुमची,
मंजू