फसलेल्या पट्ट्यांची वही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छापील पॉलिमर सेन्सरवरील कालच्या अंकातील लेख वाचला. असा विषय आपण मराठीत छापलात याबद्दल आभार; परंतु शाईचे मिश्रण, छपाईचा वेग आणि वाळवण्याचे तापमान मशीन लर्निंगमुळे 'आता संगणकच ठरवतो', हे वाक्य मला पटलेले नाही. संगणक ठरवतो तो आपण दिलेल्या नोंदींवरून, आणि त्या नोंदींची काय गत होते हे मी माझ्याच छापखान्यात पाहिले आहे.

इतवारीत माझे स्क्रीन प्रिंटिंगचे काम आहे. गेल्या वर्षी एका महाविद्यालयाचे विद्यार्थी वाकवल्यावर विद्युत रोध बदलणाऱ्या सेन्सरच्या पट्ट्या छापून घेण्यासाठी आले. पेडॉट-पीएसएस या वीज वाहणाऱ्या पॉलिमर मिश्रणाची गडद निळी शाई आणि पॉलिएस्टरची फिल्म त्यांनी आणली होती. मे ते ऑगस्ट आम्ही १४० पट्ट्या छापल्या आणि प्रत्येकीपुढे मी वहीत जाळीचा नंबर, स्क्वीजीचे (जाळीतून शाई दाबणाऱ्या रबरी पट्टीचे) हात, ओव्हनचे तापमान व खोलीतली आर्द्रता लिहीत गेलो. मे महिन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात शाई जाळीतच वाळून छिद्रे बुजत. जुलैची झड लागली तेव्हा छपाई सुबक येई, पण पट्टी वाकवण्याआधीच रीडिंग सरकू लागे, कारण शाईतले पीएसएस हवेतला ओलावा शोषून फुगते.

प्रकल्पाच्या अहवालात मात्र चांगल्या ३८ पट्ट्याच गेल्या आणि संगणकालाही तेवढ्याच शिकवल्या. बाकीच्या कचऱ्यात गेल्या. या कामात नमुने मुळातच थोडे असतात. म्हणून तर पुढचा प्रयोग कोणता करावा हे सुचवणारी बेझियन पद्धत वापरतात. तिला फक्त यश दाखवले, तर अपयश कुठून सुरू होते हे तिला कळणार कसे? ॲक्च्युएटरचेही, म्हणजे वीज दिल्यावर हालचाल करणाऱ्या पट्टीचेही, तसेच आहे. पाण्यावर चालणारी आयनिक पॉलिमरची पट्टी दोन-तीन व्होल्टवर वाकते, पण ती ओलसर असेपर्यंतच. दमट खोलीतल्या नोंदींवरून ठरवलेली कृती नागपूरच्या मे महिन्यात किती टिकेल, हे लेखात विचारायलाच हवे होते.

जाता जाता आणखी एक. लेखातील आलेखाच्या दोन्ही अक्षांवर एकके नाहीत, आणि रजिस्ट्रेशन (रंगांची एकमेकांशी जुळणी) सरकल्यामुळे लाल व काळी रेघ एकमेकींवर चढली आहे. छपाईच्या लेखात तरी ही चूक नको होती.

माझी वही अहवालासाठी म्हणून नेली, ती आजतागायत परत आलेली नाही. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी वही आहे. संबंधितांनी हे पत्र वाचल्यास ती छापखान्यात आणून द्यावी. जुलैमधील एकाच दिवसाच्या १७ फसलेल्या पट्ट्या तिच्यात ओळीने लिहिलेल्या आहेत, आणि नव्या विद्यार्थ्यांना सर्वांत आधी तेच पान दाखवायचे आहे.

आपला नम्र,
एक छपाई व्यावसायिक, इतवारी, नागपूर