जावाच्या खेड्यात भाव शेवटी विचारा

महोदय,

जावा बेटावरच्या एखाद्या खेड्यात भातखाचरांलगत घर घेऊन राहावे, असा विचार इंडोनेशियात नोकरी करणारे किंवा तिथे लग्न करून संसार थाटलेले अनेक परदेशी करतात. त्यात भारतीयही असतात. जमीन पाहायला गेले की पहिला प्रश्न भावाचा निघतो. तो सर्वांत शेवटी विचारावा. जमिनीचा प्रकार, कागद आणि पाणी आधी पाहिले नाही, तर स्वस्तात मिळालेले रान हातात राहत नाही आणि गावातला एखादा गरीबही सोबत बुडतो.

१९६० च्या जमीन कायद्याप्रमाणे पूर्ण मालकी, तिथल्या भाषेत ‘हाक मिलिक’, व्यक्तींपैकी फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. (हा ‘हाक’ म्हणजे आपला ‘हक्क’च, दोन्ही शब्द अरबीतून आले.) परदेशी माणसाकडे वारशाने किंवा लग्नातल्या सामाईक मालमत्तेमुळे अशी जमीन आली, तर एका वर्षाच्या आत ती सोडावी लागते. यावर दलाल सर्रास एक तोड सुचवतात: गावातल्या कुणाच्या तरी नावावर बेनामी खरेदी करा आणि त्याच्याकडून कर्जरोखा, कुलमुखत्यारपत्र, लांब मुदतीचा भाडेकरार लिहून घ्या. कलम २६ नुसार असा व्यवहार मुळातूनच रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि मोजलेले पैसे परत मागता येत नाहीत. कोर्टकचेरी न होताही घात होतो. नावावरचा माणूस वारला की त्याचे वारस पुढे येतात. त्याला पैशाची नड आली की मालकीचा दाखला बँकेत तारण जातो. शिवाय दरवर्षीचा जमीनकर त्याच्याच नावाने निघतो आणि वाद झालाच तर गावात तोंड त्यालाच दाखवायचे असते. शेजाऱ्याला अशा कागदात गुंतवणे हा अन्याय आहे, एवढे तरी खरेदीदाराने ओळखावे.

इंडोनेशियन जोडीदार असलेल्यांनी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार आधी करावा. तो नसेल तर लग्नानंतर घेतलेली जमीन दोघांची सामाईक धरली जाते आणि जोडीदाराची मालकीसुद्धा अडचणीत येते. पूर्वी हा करार लग्नाआधी किंवा लग्नाच्या वेळीच करता येत असे. घटना न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर तो लग्न झाल्यावरही नोटरीपुढे करता येतो. मात्र विवाह नोंदणीच्या कार्यालयात त्याची नोंद करायला विसरू नये.

परदेशी रहिवाशाला राहत्या घरापुरता ‘हाक पाकाई’, म्हणजे वापराचा हक्क, मिळू शकतो: आधी ३० वर्षे, मग २० वर्षांची मुदतवाढ, त्यानंतर ३० वर्षांचे नूतनीकरण. पण अशा घराची किमान किंमत सरकारने प्रांतवार ठरवून दिली आहे आणि जावावरच्या खेड्यातले साधे घर तिच्या जवळपासही जात नाही. म्हणून खेड्यात उरतो तो घराच्या परड्याचा, ‘पेकारांगान’चा, भाडेकरार. तो नोटरीपुढे करावा आणि मालकाबरोबर त्याच्या पत्नीचीही सही घ्यावी. नागरी संहितेच्या कलम १५७६ प्रमाणे जमीन विकली गेली तरी आधीचा भाडेकरार तुटत नाही. मात्र करारात याच्या उलट अट घातलेली असेल तर हे संरक्षण जाते. तेव्हा मसुदा ओळीओळीने वाचून घ्यावा. मुदत संपल्यावर बांधलेले घर कोणाचे, हेही त्यातच लिहून घ्यावे.

आता भातखाचरे, म्हणजे ‘सावाह’. ती इंडोनेशियन नागरिकालाही सरसकट घेता येत नाहीत. १९६१ च्या नियमानुसार शेतजमिनीचा मालक जमीन असलेल्या ‘कचामातान’मध्येच, म्हणजे तालुक्याएवढ्या विभागातच, राहणारा हवा, लगतच्या विभागातून शेत नीट कसता येत असेल तर तेवढी सवलत आहे. जोडीदार जाकार्तात राहतो आणि रान मात्र मध्य जावात घ्यायचे, हे या नियमात बसत नाही. दुसरी आडकाठी २००९ च्या अन्नधान्य जमीन संरक्षण कायद्याची. संरक्षित खाचरात घर बांधायची परवानगी मिळत नाही. तरीही रस्त्याकडेच्या खाचराचे तुकडे पाडून ‘काव्लिंग’ म्हणून विकले जातात. अशा तुकड्याचा स्वतंत्र दाखला निघालेला नसतो. खरेदीदाराच्या हाती पडते ती मुद्रांक चिकटवलेली पावती. जिल्ह्याच्या कार्यालयात विकास आराखड्याचा नकाशा पाहून तो भूखंड कोणत्या रंगात आहे, याची खात्री करायला फार वेळ लागत नाही. तेवढा वेळ काढावा.

कागदांत सर्वाधिक फसवणूक ‘लेटर सी’, ‘पेतोक डी’ आणि ‘गिरिक’ या जुन्या नोंदींवरून होते. गावकरी त्यांना मालकीचा पुरावा मानतात, पण मुळात त्या करवसुलीच्या नोंदी आहेत. २०२१ च्या शासकीय नियम १८ ने अशा जमिनींची नोंदणी करून घ्यायला ५ वर्षांची, म्हणजे २ फेब्रुवारी २०२६ पर्यंतची, मुदत दिली. त्यापुढे हे कागद पुरावा म्हणून चालत नाहीत, केवळ दिशादर्शक धरले जातात. दाखला असला तरी तो जमीन कार्यालयातून तपासून घ्यावा. आजोबांच्या नावावरची जमीन एकच नातू विकत असेल तर थांबावे, सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. खरेदीखत ‘पेपेआते’ या दस्त करणाऱ्या अधिकृत अधिकाऱ्यापुढेच होते. विकणाऱ्याला किमतीवर २.५ टक्के आयकर पडतो, तर घेणाऱ्याला करमुक्त रक्कम वगळून ५ टक्क्यांपर्यंत हस्तांतरण कर भरावा लागतो. हा कर वाचवायला कागदावर किंमत कमी दाखवू नये. पुढे वाद झाला तर तीच किंमत पुढे केली जाते.

मापाचाही घोटाळा होतो. दाखल्यावर चौरस मीटर असतात, गावात मात्र ‘रू’, ‘उबिन’ किंवा ‘तुंबाक’ बोलतात; एक साधारण १४ चौरस मीटरचा. ‘बाऊ’ म्हणजे सुमारे ७,१०० चौरस मीटर, हेक्टरला बराच कमी. सौदा चौरस मीटरमध्येच ठरवावा.

पाणी पाहायला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जावे. पावसाळ्यात प्रत्येक खाचर भरलेलेच दिसते. पाटाच्या शेवटच्या टोकाला कोरड्या दिवसांत पाणी पोहोचते का, हे गावचा पाटकरी, ‘उलु-उलु’, सांगेल. दलाल सांगणार नाही. पाणी पुरत असेल तर भाताची दोन पिके आणि तिसरे मका, सोयाबीन किंवा भुईमुगाचे निघते. पाणी आहे म्हणून तिन्ही वेळा भातच लावणाऱ्या शिवारात तपकिरी तुडतुडे आणि उंदीर ठाण मांडतात, कारण त्यांना उपाशी राहायला मधला काळच मिळत नाही.

उत्पन्नाचा हिशेब तर आधीच मांडावा. पाव हेक्टरात, हेक्टरी साडेपाच टन धरले तर, काढणीवेळचे ओलसर भात सुमारे १,३७५ किलो येते. जानेवारी २०२५ पासूनच्या ६,५०० रुपिया किलो या सरकारी खरेदीभावाने ते ८९ लाख रुपियांचे होते. अर्धेलीने, म्हणजे ‘मारो’ पद्धतीने, कसायला दिले तर मालकाच्या वाट्याला एका पिकाचे साडेचव्वेचाळीस लाख येतात, त्यातून खर्चाचा वाटा वजा. रस्त्याकडेच्या जमिनीचे भाव भातातून कधीच फिटत नाहीत. ते पुढे घरे होतील या आशेवर चढलेले असतात आणि खुद्द शेतकऱ्याला स्वतःच्या गावात जमीन घेणे अशक्य करून ठेवतात. २०२३ च्या कृषिगणनेत अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेली सुमारे १ कोटी ६९ लाख कुटुंबे निघाली, हे डोळ्यांसमोर ठेवूनच बाहेरच्याने तिथे पाऊल टाकावे.

‘बेंगकोक’ जमीन कोणी विकायला काढली तर सरळ नकार द्यावा. ती पगाराऐवजी गावच्या पदाधिकाऱ्यांना कसायला दिलेली गावाची जमीन असते. भाड्याने घेतली तरी त्या माणसाचे पद जाईल तेव्हा तिच्यावरचा त्याचा हक्कही जातो.

राहिली गहाणाची जमीन, ‘गादाई’. गावात अनेक खाचरे गहाण असतात आणि सावकाराला पूर्ण रक्कम दिल्याशिवाय ती सुटत नाहीत, असे दोन्ही बाजू धरून चालतात. १९६० च्या अध्यादेश ५६ चे कलम ७ वेगळे सांगते. गहाण ७ वर्षे चालले असेल तर पुढच्या सुगीनंतर एका महिन्यात जमीन फुकट परत करावी लागते. त्याहून कमी काळ झाला असेल तर साडेसातातून गेलेली वर्षे वजा करून ७ ने भागायचे आणि येणाऱ्या अपूर्णांकाने गहाणाच्या रकमेला गुणायचे. २१० लाख रुपियांचे गहाण ४ वर्षांनी १०५ लाखांत सुटते. तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांनी हे गणित शेजारच्या शेतकऱ्याला कागदावर मांडून दाखवावे.

आपला,
एक वाचक