अणूच्या चित्रातल्या त्या कड्या आता काढा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

विज्ञानाची कुठलीही बातमी असो, शेजारी अणूचं एकच ठरलेलं चित्र असतं, मधे लाल-निळ्या गोळ्यांचा घोस आणि भोवती तीन अंडाकृती कड्या, त्यात मणी ओवल्यासारखे इलेक्ट्रॉन. परवा आपल्या पेपरातही तेच होतं. चित्र छान दिसतं हो, पण शाळेतल्या मुलांच्या डोक्यात तेच पक्कं बसतं आणि पुढे अकरावी-बारावीत ऑर्बिटल (इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता जिथे जास्त तो भाग) शिकताना ते पुसता पुसता नाकी नऊ येतात, म्हणून हे पत्र.

आधी साइजचं बोलतो. हायड्रोजन घ्या, सगळ्यात साधा, एक प्रोटॉन एक इलेक्ट्रॉन बस. प्रोटॉन १ सेंटिमीटरच्या गोटीएवढा धरला तर इलेक्ट्रॉन साधारण ३०० मीटर लांब सापडतो आणि मधे दुसरा कुठलाच कण नाही. वजनाचं मात्र उलटं, प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट जड, म्हणजे अणूचं जवळजवळ सगळं वजन त्या गोटीतच. हे कळलं कसं तेही भारी आहे. १९०९ मधे रदरफर्डच्या लॅबमधे गायगर आणि मार्सडेन यांनी धातूच्या पातळ वर्खावर अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थातून निघणारे धनप्रभारी कण) सोडले, बहुतेक सगळे आरपार गेले पण हजारोंतला एखादा चक्क मागे फिरला, आणि त्या मागे फिरलेल्या मोजक्या कणांवरून रदरफर्डने १९११ मधे मांडलं की अणूच्या मधे काहीतरी खूप छोटं, जड आणि धनप्रभार असलेलं बसलंय. ते केंद्रक. त्यातला न्यूट्रॉन, म्हणजे प्रभार नसलेला कण, तर १९३२ पर्यंत कोणाला सापडलाही नव्हता, तो चॅडविकने शोधला.

आता त्या कड्या. त्या आल्या नील्स बोर या शास्त्रज्ञाच्या १९१३ च्या मॉडेलमधून. बोरला नावं ठेवायची नाहीत मला, हायड्रोजनच्या प्रकाशातल्या रेषांचं गणित त्याने अचूक जुळवलं, केवढी मोठी गोष्ट आहे ती. पण १९२६ मधे श्रोडिंगरचं समीकरण आलं आणि कक्षा गेल्या, राहिली ती इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती एवढंच, आणि त्या शक्यतेचं चित्र काढलं तर ते ढगासारखं येतं, आत दाट, बाहेर विरळ, नक्की कडा अशी नाहीच. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की हायड्रोजनच्या सगळ्यात खालच्या पातळीवर इलेक्ट्रॉनचा कक्षीय कोनीय संवेग शून्य असतो, म्हणजे ग्रहासारखं गरगर फिरणं तिथे नाहीच! मग कडी कशाची काढतो आपण?

ते लाल-निळे गोळे, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन, तेसुद्धा तसे भरीव नसतात, ते क्वार्क नावाच्या आणखी छोट्या कणांचे बनतात. प्रोटॉनमधे दोन अप क्वार्क आणि एक डाउन, प्रभार दोन तृतीयांश अधिक दोन तृतीयांश उणे एक तृतीयांश, बरोबर १ येतो. पण या तीन क्वार्कांचं स्वतःचं वस्तुमान प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या जेमतेम १ टक्का भरतं, बाकीचं त्यांच्या हालचालीची आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या ग्लुऑन नावाच्या कणांची ऊर्जा, आणि आइनस्टाइनच्या E=mc² प्रमाणे ऊर्जाही वस्तुमान म्हणून मोजली जाते. आपण काट्यावर उभे राहतो तेव्हा दिसणारं वजन बहुतांश या ऊर्जेचं असतं, ही गोष्ट मुलांना दहावीतच सांगितली तर त्यांचे डोळे केवढे मोठे होतील.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी कड्यांऐवजी ढग छापा. केंद्रकाचं मात्र खऱ्या मापात जमणार नाही हे मला माहितीये, हायड्रोजनचा अणू १० सेंटिमीटरचा काढला तर मधला ठिपका २ मायक्रॉनपेक्षाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान येईल आणि तो कागदावर कोणालाच दिसणार नाही, तेव्हा ठिपका मोठाच काढा पण खाली बारीक अक्षरात का होईना, ‘चित्र प्रमाणात नाही’ एवढं लिहा.

आपला,
एक नियमित वाचक