गाईची लस आणि गिनीपिगचं रक्त

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "गाईची लस गिनीपिगला टोचून काय कळणार? गाईलाच टोचून बघा की." घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

लशीचा जोर गाईवरही तपासतात, पण दर बॅचला ते जमत नाही. लाळ्या-खुरकुताच्या लशीची जुनी कसोटी पाहा. 15 जनावरांना कमी-जास्त मात्रेत लस, 2 बिनलशीची, आणि तीन-चार आठवड्यांनी सगळ्यांच्या जिभेत जिवंत विषाणू टोचायचा. बिनलशीच्यांचे हाल तुम्हाला सांगायला नकोत. आयबीआरची, म्हणजे गाईंच्या श्वासनलिकेच्या विषाणूजन्य आजाराची, अडचण निराळी. तो विषाणू एकदा शिरला की जन्मभर अंगात दबा धरून राहतो, त्यामुळे रक्तात आधीची प्रतिपिंडं (रोगाशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं) नसलेल्या गाई जमवतानाच नाकी नऊ येतात. गिनीपिगची पाटी कोरी असते.

इथे अर्जेंटिनात आयबीआर आणि रोटाव्हायरस (वासरांना हगवण लावणारा विषाणू) यांच्या निष्क्रिय, म्हणजे मारलेल्या विषाणूच्या, लशींसाठी गिनीपिगची पद्धत बसवली आहे. गाईच्या मात्रेचा पाचवा हिस्सा द्यायचा, 21 दिवसांनी पुन्हा तेवढाच, आणि 30व्या दिवशी रक्त घ्यायचं. गाईत हेच पाहायला 60 दिवस जातात.

तुम्ही म्हणाल, गाय चारशे किलोची, हा जेमतेम चारशे ग्रॅमचा, मग पाचवा हिस्सा कुठल्या हिशेबाने? वजनाचा हिशेब इथे लागूच होत नाही. कमी, मध्यम, भरपूर विषाणू घातलेल्या लशी मुद्दाम बनवून गाईंना दिल्या, गिनीपिगनाही दिल्या, आणि दोघांची प्रतिपिंडं शेजारी ठेवून पाहिली. गाईत जी फिकी पडली ती गिनीपिगमध्येही फिकी पडली, तेव्हा कुठे पास-नापासाची रेघ आखली. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. प्रत्येक आजारासाठी हे नव्याने ताडून पाहावं लागतं. ते न करता नुसतं गिनीपिगचं रक्त तपासलं, तर तुमची शंका अगदी रास्त आहे.

टोचताना त्याला छातीखाली एका हाताने धरायचं, दुसरा हात मागच्या पायांखाली. आधार जरा सुटला की बारीक शीळ घालतो, आणि त्याचं काळीज बोटांना धडधडताना लागतं. आमच्या कामात त्याला रोग द्यावा लागत नाही, याचं मला फार समाधान आहे. फऱ्या या जनावरांच्या जीवघेण्या रोगाच्या लशीच्या रूढ कसोटीत मात्र गिनीपिगला रोगच टोचतात. ते थांबायला हवं, बाबा.

उद्या आमच्या बॅचचा 30वा दिवस. निकाल आला की कळवते. आईला नमस्कार.

तुमची,
सुमी