आत्याच्या झडपेबद्दल

मिलान, इटली

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

आत्याचा इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट नीट वाचला. क्लिप बसवायला तिला इकडे आणू का, असं तुम्ही विचारलंत. बाबा, क्लिप तिच्यासाठी नाही.

क्लिप गळणाऱ्या मायट्रल झडपेसाठी, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपेसाठी, असते. झडपेची दोन पानं नीट मिटत नाहीत आणि रक्त उलटं फुफ्फुसांच्या बाजूला जातं. मांडीच्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, वर नेतात, वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातून डावीकडे जातात आणि दोन्ही पानांच्या कडा मधोमध चिमट्यासारख्या पकडतात. हृदय चालूच असतं. गळती थांबली का ते अन्ननलिकेतून केलेल्या इकोवर बघतात. मनासारखं नसेल तर क्लिप उघडून पुन्हा लावतात, मगच सोडतात. मूळ युक्ती इटलीच्याच अल्फिएरी या सर्जनची; १९९० च्या दशकात ते छाती उघडून तिथे टाका घालायचे. कॅथेटरने पहिली क्लिप २००३ मध्ये बसली. इकोच्या पडद्यावर गळतीचा फवारा विरताना बघते, तेव्हा दर वेळी माझा ऊर भरून येतो.

पण पानं जोडली की झडपेचं तोंड लहान होतं, आणि आत्याचं मुळातच अरुंद आहे. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा ना तिला, त्यातूनच पानांच्या कडा चिकटल्यात. निरोगी झडप ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते, तिची जेमतेम १. गळती किरकोळ आहे. क्लिप लावली तर होती ती वाटही बुजेल.

तिला बहुधा बलून लागेल. तोही मांडीतूनच जातो, पण झडपेत फुगवून चिकटलेल्या कडा सोडवतो. जपानच्या कांजी इनोउए यांनी तो १९८० च्या दशकात आणला. असे रुग्ण इकडे क्वचितच येतात. आपल्याकडच्या डॉक्टरांचा हात यात कितीतरी जास्त बसलेला आहे, म्हणून व्हिसाच्या मागे लागू नका.

डॉक्टरांना एवढं विचारा: डाव्या वरच्या कप्प्यात गुठळी आहे का, आणि झडपेत कॅल्शियम किती साचलंय? गुठळीसाठी अन्ननलिकेतून इको करावा लागेल. ती घाबरेल, पण घशाला बधिर करणारं औषध देतात. तुम्ही सोबत जा. तिचं लोणचं-पापड बंद करा, आणि गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवू देऊ नका.

रिपोर्ट आला की लगेच फोटो पाठवा. आईला नमस्कार.

तुमची,
मनू